गल्लीच्या अध्यक्षबाई

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या आडोशाला इस्त्रीचं टेबल टाकून बसणाऱ्या बाईला लहानथोर सगळे वहिनी म्हणत. तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. भांडण पेटलं की ती कॉलरवर पाणी शिंपडायची आणि मूग गिळून इस्त्री फिरवायची.

याच गुणामुळे ती गल्लीच्या समितीची अध्यक्ष झाली. एक संस्था सांडपाण्याचं गटार बांधून द्यायला तयार होती, पण ते कुठून न्यायचं हे गल्लीनं ठरवायचं होतं. पहिल्या बैठकीत नेहमीचे चार घरमालक बोलले, बाकीच्यांनी हो ला हो केलं. अध्यक्ष कोण, यावर त्या चौघांतच जुंपली. शेवटी किराणावाला म्हणाला, "वहिनींना करा. सही येते, तोंड चालत नाही."

सगळे हसले. वहिनीही हसली. मग संस्थेनं दिलेल्या नकाशावर बोट ठेवून तिनं विचारलं, "खालच्या खोल्यांतली माणसं कुठायत? पाणी तर त्यांच्या चुलीपर्यंत जातं."

"भाडेकरू आहेत ते. आज इथे, उद्या तिथे," एक घरमालक म्हणाला.

"पाणी मात्र रोज तिथेच असतं," ती म्हणाली आणि पुढची बैठक तिनं संध्याकाळी, गल्लीतच ठेवली. कामावरून परतताना कुणाला वाट वाकडी करावी लागू नये म्हणून.

या वेळी खालचे लोक आले. आधी कुणी तोंड उघडेना. मग दवाखान्यात सफाईचं काम करणारी मावशी उभी राहिली. "मागून वळसा घालून नेलं तर उतार मिळत नाही, हे संस्थेचे साहेबच म्हणतात. मग सरळ गल्लीच्या तोंडातून काढा." आणि अडखळत तिनं पुढचं वाक्य पूर्ण केलं. "तिथे वहिनींचं दुकान आहे. राग मानू नका, वहिनी."

वहिनीच्या नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं. "पुढच्या बैठकीवर टाक," तो पुटपुटला. घोंगडं भिजत ठेवणं तिच्या हातात होतं, आणि भाडेकरूंच्या शब्दावर काही ठरू नये म्हणून घरमालकांनाही तेच हवं होतं.

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ज्यांना तोंडातून हवं, त्यांनी हात वर करा."

खालचे सगळे हात वर झाले, वरचेही थोडे. तिनं स्वतःचा हात वर केला नाही. "जास्त हात आहेत. ठरलं," एवढंच म्हणाली.

घरी नवरा चिडला. "आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!"

"मग काय करू? त्यांना बोलवायचं आणि बोलले की गप्प बसवायचं?"

तो पाय आपटत बाहेर निघून गेला.

टेबल घराच्या पुढच्या खोलीत आलं. खोली भट्टीसारखी तापायची. येता-जाता कपडे टाकणारी गिऱ्हाइकं तुटली. काही महिने ती दारोदार फिरून गठ्ठे आणत होती. गटार मात्र झालं आणि खालच्या खोल्या कोरड्या राहू लागल्या. मावशीनं आभार वगैरे मानले नाहीत. ती आपले दवाखान्यातले गणवेश घेऊन यायची आणि पूर्वीसारखीच घासाघीस करायची. वहिनीला ते बरं वाटायचं.

पुढच्या निवडीला खालच्यांनी पुन्हा वहिनीचंच नाव घेतलं. "मला नको. अध्यक्षाला स्वतःसाठी भांडता येत नाही," असं म्हणून तिनं मावशीला पुढे केलं, आणि मावशी अध्यक्ष झाली.

गल्लीत नवा दिवा यायचा होता तेव्हा वहिनी पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. दिवा आपल्या दाराशी हवा, कारण संध्याकाळी गिऱ्हाइकाला दुकान सापडत नाही. किराणावाला तोंडाचा आ वासून बघत राहिला. बोलाचाली बराच वेळ चालली. मग मावशीनं हात वर करायला सांगितलं, आणि दिवा वळणावर, शाळेतल्या मुली जातात तिथे लागला.

वहिनी दोन दिवस मावशीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गणवेश आले, तेव्हा बोलली; भाव मात्र तिनं एक पैशानंही कमी केला नाही.