चित्रं वाईट नव्हती

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही. बायको कधी कधी विचारते — शहागंजातून आलास की जेवत का नाहीस? मी म्हणतो, ऊन लागलं. तुम्हाला मात्र सांगतोय. का सांगतोय, ते मलाही नीट उमगलेलं नाही.

रहीमचाचांपासून सुरुवात करतो. दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते. पडेगावात वडिलांचं मेडिकल होतं, त्याची पाटी त्यांचीच. मराठी, उर्दू, इंग्रजी — तिन्ही अक्षरं सारखीच देखणी काढायचे. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, ते बघून रंगवायचे. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पुढं ते मला फार उपयोगी पडलं.

फ्लेक्स आले तशा पाट्या गेल्या. चाचा शहागंजातल्या एका गल्लीत, आपल्या खोलीत नुसते बसून असायचे. मी तेव्हा नोकरी सोडून घरीच एक व्हिडिओ गेम बनवत होतो. 'खंदक' त्याचं नाव. दोघांनी मिळून खेळायचा. दोन भाऊ एका किल्ल्याच्या खंदकात उतरतात, खाली राक्षसांचं राज्य, आणि एकमेकांची पाठ राखत, लढत बाहेर यायचं. लढाईचा सगळा भाग माझा. चित्रं चाचांची. भिंती, दरवाजे, राक्षस — सगळं त्यांनी जाड कागदावर हातानं रंगवलं आणि मी ते गेममध्ये घातलं. एकदा त्यांचा फोन आला, "बेटा, राक्षसाला पापण्या असतात का रे?" मी म्हणालो, तुम्हीच ठरवा. त्यांनी काढल्या. त्या पापण्यांमुळं तो राक्षस नुकताच जागा झाल्यासारखा दिसायचा. मलाच त्याच्याकडं फार वेळ बघवत नसे.

गेम बाहेर आला. लोकांनी विकत घेतला, खेळला, आणि लिहायला सुरुवात केली. काहींना आवडला, काहींना नाही. विक्रीच्या साइटवर त्याच्या नावाखाली शिक्का बसला — 'मिक्स'. पण ते मिक्स कसं होतं, तेच तर सांगायचंय. जवळपास प्रत्येकजण एकच म्हणत होता. चित्रं अप्रतिम आहेत, एकेका दगडावरून कुणाचा तरी हात फिरलाय. लढाई मात्र रटाळ. तलवार फिरवली की वार उशिरा लागतो. दोघं खेळत असले की एकजण मध्येच गायब होतो, दुसरा एकटाच मरतो.

म्हणजे चाचा जिंकले होते. आणि मी हरलो होतो.

त्या दुपारी मी शहागंजात गेलो. चाचांनी चहा सांगून ठेवला होता. म्हणाले, "मिक्स म्हणजे काय रे? फरसाण हाय का?" आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, "वाच की. लोक काय म्हणतात?"

मी फोन काढला. इंग्रजी वाक्यं समोर होती. मराठीत करून सांगायची, एवढंच काम. आणि मी — कसं सांगू? — मी दोन्ही बाजूंची अदलाबदल केली. म्हणालो, "लढाई आवडली लोकांना. चित्रं जरा... जुनाट वाटतात म्हणे."

ठरवून गेलो होतो का? नाही. पण तोंडातून निघाल्यावर थांबलोही नाही. आणखी दोन-चार जणांचं म्हणणं तसंच उलटं करून सांगितलं. सोपं होतं हो. भीती वाटावी इतकं सोपं.

चाचांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, "कुठं चुकलं तेवढं सांग, बेटा. मी पुन्हा काढतो."

तिथं तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काढा."

मला वेळ हवा होता. घरी बसून मी लढाई दुरुस्त करत होतो, आणि इकडं म्हातारा माणूस आपली चांगली चित्रं बाजूला सारून नवी काढत होता. आठवड्यातून एकदा जाऊन मी ती घेऊन यायचो. पहिली काही बरी होती. मग एक दरवाजा आला, त्याचे खांब मधूनच वाकलेले. मला वाटलं, मुद्दाम केलं असेल. पुढच्या खेपेला काळ्याच्या जागी गर्द निळा होता. मग एक राक्षस आला, त्याचा डोळा गालावर उतरलेला. ज्या हातानं उभ्या आयुष्यात पट्टी न लावता सरळ रेघ मारली, त्या हाताचं हे काम होतं.

"आता जमलं का?" चाचांनी विचारलं.

काय सांगणार होतो? चांगल्या चित्रांना मी वाईट म्हणालो होतो. आता खरोखर वाईट आलेल्यांना कुठल्या तोंडानं वाईट म्हणू? की आधीचं पाप फेडल्यासारखं वाटलं मला? म्हणालो, "आता जमलं, चाचा. अगदी असंच पाहिजे होतं."

केवढा आनंद झाला त्यांना! हात झटकत म्हणाले, "डोळ्यापुढं एक काळी माशी फिरती बघ हल्ली. हाकलली तरी जात नाय. चष्म्याचा नंबर बदलला असंल."

चाचांना साखरेचा आजार होता. माझ्या आईलाही आहे. तिलाही अशीच माशी दिसायची, दाराची चौकट वाकडी दिसायची. मी स्वतः तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं, लेझर करून आणलं होतं. ही माशी काय असते, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "हां, नंबरच असंल."

दवाखान्यात चला म्हटलं असतं, तर डॉक्टरांनी विचारलं असतं — दिसत नव्हतं तर कामात फरक पडला नाही? चाचांनी माझ्याकडं बघितलं असतं. एवढ्याच एका नजरेला मी घाबरलो.

आणि तरी हेही सगळ्यात वाईट नाही.

एकदा निघताना शमीमचाची, त्यांची बायको, माझ्या मागोमाग दारापर्यंत आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "बेटा, यांचं काय तरी बिघडलंय. कपात चहा ओततात तर बाहेर सांडतो. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, डोळे गेले असते तर चित्रं जमली असती का? पोराला पसंत पडतायत ना? तू सच्ची सच्ची सांग. चित्रं ठीक हायत?"

आत चाचा ब्रश धूत होते. पाण्याचा आवाज थांबला. तेही ऐकत होते.

मी म्हणालो, "एक नंबर हायत, चाची."

पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर दिवाळीच्या आसपास एका सकाळी चाचींचा फोन आला. चाचा उठले तर डोळ्यांपुढं लालसर काळा पडदा. दोन्ही डोळ्यांत आत रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. मी तिथंच उभा होतो. चाचींचा हात धरून. त्यांना वाटलं, मी आधार देतोय.

आता चाचांना उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही. डाव्यानं सावल्या कळतात.

माझी लढाई दुरुस्त झाली. गेमची सुधारलेली आवृत्ती निघाली, ती चाचांच्या पहिल्याच चित्रांवर. नंतरचं एकही चित्र मी त्यात घातलं नाही, कसं घालणार? लोकांचं मत पालटलं, 'मिक्स' गेलं. चित्रांचं कौतुक आधीपेक्षा जास्त होतं. ते मी चाचांना वाचून दाखवतो. या वेळी शब्द न् शब्द खरा असतो. त्यांना वाटतं, ते नंतरच्या चित्रांबद्दल आहे. घरी कुणी आलं की सांगतात, आधी मी लई खराब काढली होती, पोरानं सांभाळून घेतलं.

मागच्या खेपेला आम्ही दोघंच होतो. चाचांनी अंदाजानं हात पुढं करून माझा गुडघा शोधला. म्हणाले, "एक विचारू? पहिल्या वेळेला माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं. मनात ठेवलं नायस ना? माफ केलंस ना मला?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खरं बोलायला कुणाची आडकाठी नव्हती.

मी म्हणालो, "केलं, चाचा."