खजुरीत ‘ॲक्शन’ म्हणू नका

निवृत्तीनंतर बिदरचा किल्ला निवांत बघायचा होता. परतीच्या वाटेवर खजुरीला मावशीकडे एक मुक्काम, असा बेत करून सोलापूरहून सकाळची बस धरली.

कंडक्टरने विचारलं, “अक्का, कर्नाटकाचं आधार हाय का? बायकांना फुकट हाय.”

“सोलापूरचं आहे.”

“मग काढा तिकीट!”

किल्ल्याला अर्धा दिवस हवाच, आणि पाणी बरोबर न्या. बुरुजावर एक अजस्र तोफ आहे. ती डागायला पूर्वी माणसं, बैल, दारू असा लवाजमा लागे. कोणाला ना कोणाला “थांबा” म्हणायला वेळ तरी मिळे. आता माझ्याच वयाचे चिडके म्हातारे टीव्हीवर अणुबॉम्बच्या धमक्या देतात आणि शेजाऱ्याची जमीन मुळात आपलीच, असं सांगतात. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला युद्धांचे नकाशे घोटवून घेतले होते. त्यातल्या प्रत्येक युद्धाची सुरुवात ‘ती जमीन आपलीच’ याच वाक्याने झालेली. तेवढ्यात डोक्यावरून इथल्या हवाई दलाच्या तळावरचं सरावाचं विमान गेलं. शेंगा खाणारी माणसं मान वर न करता खात राहिली. मी मात्र तोफेला चिकटले.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीमार्गे आळंद आणि तिथून रिक्षाने खजुरी. मावशी पंचाऐंशीची. मागच्या अंगणात बोचकं मांडीवर घेऊन बसली होती.

“तीन दिस झाले, घरात येईना, धड जेवंना,” तिची सून सुमन म्हणाली. “बातम्यात कुणीतरी ‘ॲक्शन घेऊ’ म्हणलं, तवापासून.”

इकडे ॲक्शन म्हणजे एकच. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताची फौज शिरली ती.

“अगं मावशी, ते लांबच्या देशातलं आहे.”

“हैदराबाद बी लांबच होतं की. रझाकारीत आम्ही अक्कलकोटकडं पळालो. ॲक्शनात शेजारची खातून पळाली, ती परत आलीच न्हाई. आता हे बाँब टाकतो म्हणायलेत. तू शिकलेली. सांग, कुण्या बाजूला पळायचं?”

मी मनातल्या मनात नन्सचे नकाशे उलगडले. पूर्व? पश्चिम?

“व्हणार हाय का न्हाई, तेवढं सांग. मग येते घरात.”

“नाही होणार,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी क्वचित बोलले असेन. मावशीने माझ्याकडे टक लावून पाहिलं, बोचकं सोडलं आणि आत येऊन तुरीचं वरण, कडक भाकरी पोटभर खाल्ली. मी नुसती भाकरी मोडत बसले. त्या वरणासाठी एरवी मी आळंदहून चालत येईन.

सोलापूरला परतून आठवडा झाला. किल्ला जरूर बघा, रस्ता बरा आहे. माझ्या मनात मात्र ते अंगण राहिलंय. काल सुमनचा फोन आला.

“आत्तीबाई झ्याक हाईत. गल्लीभर सांगायल्यात, आमची कमल म्हणली, ॲक्शन न्हाई होत. शेजारणींनी बी बोचकी सोडली. तुमचं लई ऐकतात बघा.”

खरं सांगून टाकावं म्हणून त्यानंतर दोनदा फोन उचलला आणि ठेवला. काय सांगणार? की या खेपेला पळायला बाजूच नाही?