सामन्याची वेळ कोणी बदलली?

अमरावती जिल्ह्यात फुटबॉलसाठी सख्ख्या बहिणीचं लग्न पुढे ढकलणारा माणूस एकच झाला, आणि नेमकी त्याचीच बहीण माझ्या वाट्याला आली. लग्नाची बैठक त्यांच्या घरी होती. वडीलधारी मंडळी पत्रिका, मानपान आणि जेवणातले प्रकार यांवर बोलत होती, आणि माझा हा होणारा थोरला मेहुणा कोपऱ्यात उकिडवा बसून माझ्या पायांकडे बघत होता. बराच वेळ बघून त्याने मला विचारलं, "जवाईबापू, डावा का उजवा?" मला वाटलं, उंबरठा ओलांडताना कोणतं पाऊल आधी टाकतो ते विचारतोय. मी म्हणालो, "उजवा." त्याचा चेहरा पडला. त्यांच्या क्लबाला तेव्हा डाव्या पायाच्या खेळाडूची गरज होती. पुढे तारीख निघाली ती अचलपूरच्या अंतिम सामन्याच्या दिवसाची. तो शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी मी नाई. तुमाले नवरी न्यायची असन तर न्या." लग्न आठ दिवस पुढे गेलं. क्लब तो सामना हरला आणि माझ्या लग्नात मेहुणा सुतक असल्यासारखा वावरला.

राजापेठेत त्याचं फुलांचं दुकान आहे आणि गावाबाहेर तीन एकरांत झेंडू आणि शेवंती. शेतातल्या वाफ्यांना त्याने मैदानावरच्या जागांची नावं दिली होती, त्यामुळे तोडणीला येणाऱ्या बाया एकमेकींना "आज फॉरवर्डातली फुलं तोडाची हायत" असं सांगत, आणि यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटेनासं झालं होतं. माणसंही तो याच हिशेबाने ओळखे. आमची वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याच्या मते गोलकीपर होती. सगळं बघायची पण जागा सोडायची नाही. माझ्याबद्दल त्याचं मत असं, की "जवाईबापू राखीव खेळाडू हायत. वेळ आली तं कामी येतीन, पन वेळ अजून आली नाई." सामना त्याने कधी बसून पाहिला नाही. चेंडू जिकडे जाईल तिकडे तो रेषेबाहेरून चालत राही, आणि पंचाला, खेळाडूंना, प्रसंगी वाऱ्यालाही सूचना देई. एकदा वैतागून एका रेषापंचाने आपला झेंडाच त्याच्या हातात दिला आणि पाणी प्यायला निघून गेला. मेहुण्याने दहा मिनिटं इमानेइतबारे ते काम केलं आणि दोनदा आपल्याच क्लबाला ऑफसाइड दिलं. आमच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "होतं तं दिलं."

सेमाडोहच्या एका स्पर्धेत त्याला सुकलाल दिसला. मेळघाटातल्या कोरकू घरातला, बावीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. बचावफळीच्या मधोमध तो असा उभा राहायचा, की समोरच्या खेळाडूला वळसा घालायचीही लाज वाटावी. मेहुणा त्याच दिवशी त्याच्या बापाकडे गेला आणि म्हणाला, "याले अमरावतीले पाठवा. मी पाह्यतो त्याच्याकडे." सुकलाल आला. राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये त्याला काम मिळालं, मेहुण्याच्या दुकानामागच्या खोलीत तो राहू लागला, आणि वहिनीने त्याच्यासाठी रोज चार भाकरी जास्त टाकायला सुरुवात केली. दोन मोसम तो क्लबाकडून खेळला. आमच्याकडून गोल एकही केला नाही, पण त्याच्यामुळे किती वाचले ते मेहुणा बोटांवर मोजायचा आणि बोटं पुरायची नाहीत.

मे महिन्यात अकोल्यात अंतिम सामना होता. अकोल्याचा मे काय असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आदल्या दिवसापर्यंत सामना संध्याकाळी सहाला होता. सकाळी निरोप आला, तीनला. मेहुण्याने क्लबाच्या सचिवांना फोन करून विचारलं. "वरून ठरलं," एवढंच उत्तर आलं. तीनला खेळ सुरू झाला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात सुकलाल चेंडू नसलेल्या बाजूला चालत गेला, गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. मैदानावर डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती. मेहुण्याच्या फुलांच्या टेम्पोत ओली पोती अंथरून त्याला नेलं. त्याचं अंग इतकं तापलं होतं, की हात ठेववेना. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्याला घेऊन मेहुणाच सेमाडोहला गेला. सगळं उरकल्यावर सुकलालचा बाप त्याच्याजवळ येऊन बसला. रडला नाही, भांडला नाही. फक्त म्हणाला, "आमी मे महिन्यात दुपारी बैलबी सोडून देतो सावलीत. तुमी मानसं दुपारी कावून खेळवली?" परत आल्यावर दोन दिवस मेहुणा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या फुलांच्या भावाची पाटी पुसली आणि तिच्यावर खडूने लिहिलं, 'सामन्याची वेळ कोणी बदलली?' गिऱ्हाइकं विचारत, हे काय? तो सांगे. काही ऐकून घेत, काही शेजारच्या दुकानात जात.

क्लबाचे अध्यक्ष माझ्या लग्नाआधीपासून तेच होते आणि त्यांच्या प्रत्येक सत्काराचा हार मेहुण्याच्याच हातचा असे. तो त्यांच्याकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, समितीने ठरवलं. समितीतले म्हणाले, अकोलेकरांनी ठरवलं. मग तो माझ्यासह अकोल्याला गेला. तिथे मैदानाची व्यवस्था पाहणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, कपाट उघडलं आणि एक कागद पुढे केला. आमच्याच क्लबाचं पत्र होतं. अध्यक्षांना बक्षीस समारंभाला हजर राहायचं असून संध्याकाळी अमरावतीत एका लग्नाला जायचं आहे, तरी सामना तीन वाजता घ्यावा. खाली अध्यक्षांची सही. म्हातारे म्हणाले, "आमीबी मान डोलावली. ते पाप आमचंबी हाय. न्या याची नक्कल." मेहुण्याने पत्रातलं लग्नघराचं नाव पुन्हा वाचलं आणि खाली बसला. त्या लग्नाचे हार त्याच्या दुकानातून गेले होते.

जुलैत क्लबाची वार्षिक सभा झाली. मीही गेलो, कारण मला त्याने कधीकाळी न विचारताच आजीव सभासद करून ठेवलं होतं. तो बोलायला उभा राहिला, तसे अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सर्वांच्या भावना एकच आहेत. आपण सुकलालसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." सगळे उठले. पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. जूनच्या शोकसभेत हेच झालं होतं. दोन मिनिटं संपताच राष्ट्रगीत आणि राष्ट्रगीत संपताच सभा समाप्त. माणसं माना खाली घालून उभी होती. त्या शांततेत मेहुण्याने खिशातून पत्राची नक्कल काढली आणि वाचायला लागला. ज्याचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा, तो माणूस असा हळू वाचत होता, की मागच्या रांगेतले पुढे सरकले.

अध्यक्ष म्हणाले, "हे बरोबर नाही. गेलेल्या माणसाचा मान ठेवा."

"त्याचाच ठेवून रायलो साहेब," मेहुणा म्हणाला. "त्याच्या बापानं एक गोष्ट विचारली. मले तेवढं सांगा, मी बसतो."

कोणी बसलं नाही. क्लबाकडून पूर्वी खेळलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "साहेब, सांगून टाका." मग आणखी एकजण तेच म्हणाला, मग दोघे-तिघे. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "वेळ मी बदलायला सांगितली," ते म्हणाले. "पण कोणाचा जीव जावा असं मी म्हटलं नव्हतं." एवढं बोलून ते निघून गेले. त्यांना वाट करून देताना कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

कोणाला वाटेल, पुढे काही मोठं झालं असेल. अध्यक्ष अजूनही तेच आहेत. सभेची शिस्त मोडल्याबद्दल मेहुण्याचं सभासदत्व गेलं. मात्र दिवाळीनंतर क्लबाने एक नियम काढला, की एप्रिल आणि मे महिन्यात सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच आमचा संघ कुठेही खेळणार नाही, आणि डॉक्टर नसेल त्या मैदानावर उतरणार नाही. कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. सुकलालचं नावही नव्हतं.

तो कागद घेऊन मेहुणा सेमाडोहला निघाला, आणि या वेळी मला म्हणाला, "चाला जवाईबापू, एकट्यानं जमनार नाई." सुकलालचा बाप अंगणात बाज टाकून बसला होता. मेहुण्याने आधी त्याला वेळ कोणी बदलली आणि कशासाठी, ते सांगितलं. लग्नासाठी, हे म्हणताना तो अडखळला, पण म्हणाला. मग नियम वाचून दाखवला. बापाने सगळं ऐकलं, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "दुसऱ्याची पोरं वाचतीन."

मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात बापाने विचारलं, "त्या दिवशी कसा खेळला तो? आमी त्याले तिकडं कदी पाह्यलं नाई."

मेहुणा सामन्यांचं वर्णन करायचा तेव्हा तिनाचे सहा गोल व्हायचे, हे आमच्या घरातलं पोरही जाणतं. त्या दिवशी त्याने एक पाऊलही वाढवून सांगितलं नाही. पहिल्या शिट्टीपासून त्याने सुरुवात केली. चेंडू कुठून आला, सुकलाल कुठे उभा होता, त्याने कोणता पाय पुढे केला, कोणाला काय हाक मारली. अंगणातल्या मातीत बोटाने रेषा ओढत तो मैदान दाखवत होता. पंधराएक मिनिटांचा खेळ सांगून झाला असेल, तेवढ्यात बापाने हात वर करून त्याला थांबवलं. घराकडे तोंड करून त्याने सुकलालच्या आईला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली आणि दाराशी टेकून बसली.

"पयल्यापासून सांगा," बाप म्हणाला.

मेहुण्याने मातीतल्या रेषा तळहाताने पुसल्या आणि पुन्हा पहिल्या शिट्टीपासून सुरुवात केली.