धड वर, पंख खाली

आमचे हे कवळ्या करायचे. दिवसभर लोकांसाठी दात घडवायचे, पण घरात कुणी दात काढलेले त्यांना खपायचे नाहीत. हसण्याच्या आवाजाने हात हलतो म्हणायचे, आणि हात हलला की रिव्हेट चुकतं. रिव्हेट म्हणजे मोहरीहून लहान ठिपका. तो कशावरचा, तर युद्धातल्या एका बॉम्बफेकी विमानाच्या पाठीवरचा. खरं विमान कधीच भंगारात गेलं होतं. आमच्याकडे होती त्याची प्रतिकृती, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, आणि तिचा मुक्काम जेवणाच्या टेबलावर. आम्ही माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवायचो.

या खुळाचं मूळ माझे सासरे. तरुणपणी, युद्धाच्या काळात, ते विमानतळावर मेकॅनिक होते. ते विमान गोळ्या खाऊन परतायचं आणि सासरे त्याला पत्र्याची ठिगळं लावायचे. म्हातारपणी त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण शेपटीवरचं कुठलं ठिगळ तिरकं बसलं होतं ते बिनचूक आठवायचं. मग दोघा मुलांनी ठरवलं, बाबांचं विमान करायचं. हे थोरले, म्हणून धड यांच्याकडे. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतात. पंख आणि इंजिनं त्यांच्याकडे.

काम मात्र असं करायचे की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. लाकडाचा सांगाडा, त्यावर कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा, एकेक ठिपका आतल्या बाजूने सुईने उठवलेला. वैमानिकाच्या डोक्यावरची काच यांनी कवळीच्या पद्धतीने केली. आधी प्लास्टरचा साचा, मग तापवून मऊ केलेलं पारदर्शक प्लास्टिक त्यावर ओढायचं. एक बुडबुडा दिसला की ती काच कचऱ्यात. आतल्या खुर्चीला पट्टे, पट्ट्यांना बकलं, आणि हे सगळं काच बसल्यावर कुणाला दिसणारही नव्हतं. मी एकदा विचारलं, "दिसणार नाही तर करता कशाला?"

"तुझी आतडी तरी कुठे दिसतात? काढून टाकू का?"

असा हा माणूस. गोड बोलणं यांच्या कुंडलीतच नाही.

भाऊजी तरी कुठले कमी. इंजिनामागच्या धुराची काजळी पंखावर किती लांब रंगवायची, यावरून दोघांची रोज जुंपायची. हे म्हणायचे, "गाडीचा सायलेन्सर नाही तो." ते म्हणायचे, "आणि ही कवळी नाही, रंगाचं मला कळतं." सासरे मधे बसून दोघांनाही चुकीचं ठरवायचे आणि मजा बघायचे. म्हातारा होता तोवर भांडणाला लगाम होता.

ते गेले आणि वर्ष सरायच्या आत वाटणी निघाली. वरचा मजला कुणाचा, खालचा कुणाचा, यावरून शब्दाला शब्द वाढला. जाऊबाई आणि मीही मागे राहिलो नाही, उगाच खोटं कशाला सांगू. शेवटी वरचा मजला आमच्याकडे आला, खालचा त्यांच्याकडे गेला. भांडी वाटली, कपाटं वाटली, आणि मग दोघांचंही बोट एकदमच टेबलाकडे गेलं.

"विमान माझं," हे म्हणाले.

"पंख काय आभाळातून पडले?" भाऊजी म्हणाले.

मध्यस्थीला यांचे मामा आले होते. सकाळपासूनचा काथ्याकूट ऐकून बिचाऱ्यांचं डोकं उठलं होतं. ते वैतागून ओरडले, "मग त्याचीही वाटणी करा ना!"

मामा रागाने बोलले होते. पण जन्मात कशावर एकमत न झालेल्या या दोन भावांचं त्यावर मात्र झालं. पंख अजून चिकटवलेले नव्हते, धडातून निघालेल्या दोन सळ्यांवर नुसते सरकवून बसवले होते. भाऊजींनी ते ओढून काढले, एक या काखेत आणि एक त्या काखेत घेतला, आणि जिना उतरून गेले. जाताना वळूनही पाहिलं नाही. यांनीही हाक मारली नाही. मामा कपाळाला हात लावून बसले.

त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. हे जिन्यात असले की भाऊजी दार लावून घ्यायचे, भाऊजी फाटकाशी असले की यांना वर काहीतरी विसरल्याची आठवण व्हायची. भाऊजी गाड्यांचे सुटे भाग घरी आणून घासायचे. खालून तो आवाज आला की यांचे कान टवकारायचे. "ऐकतेस? धड करतोय तो. त्या रंगाऱ्याला जमणार आहे का धड?" आणि मग त्वेषाने पत्रा कापायला बसायचे. कारण आता यांनाही नवे पंख करायचे होते, आणि खालच्यापेक्षा सरस करायचे होते.

किती पंख झाले आणि किती मोडीत गेले, देवाला ठाऊक. एक टोकाला लोंबला. एकाच्या रिव्हेटची रांग यांना वाकडी दिसली, मला काही दिसली नाही. मी म्हटलं, "आता पुरे." तर म्हणाले, "तो हसेल." जो माणूस कधी आमच्या घरात पाऊल टाकणार नव्हता, तो हसेल म्हणून हे चांगले पंख मोडून टाकायचे. मला त्या विमानाची इतकी चीड यायची की पुसताना फडकं जोरात मारावंसं वाटायचं. मारलं नाही, एवढाच माझा मोठेपणा.

मग यांचा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत सांडायला लागला. मग लॅबमध्ये एका बाईची कवळी बसेना, दुसऱ्या गृहस्थांची बसेना, आणि मालकाने गोड बोलून यांना घरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, "हे बरं होणारं नाही, पण हात चालता ठेवा, नाहीतर जखडेल." त्या वेळी डावा पंख पूर्ण झाला होता. उजव्याचा सांगाडा तयार होता, पत्रा कापून ठेवला होता, रिव्हेट उठवायची बाकी होती. यांनी सुई उचलली, दोन ठिपके पाडले, आणि सुई ठेवली. नंतर तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की दोन घास, बोला म्हटलं की तेही नाही. खालून घासण्याचा आवाज यायचा तरी मान वळायची नाही. मी मुद्दाम भाऊजींच्या नावाने बोटं मोडायची, की निदान तेवढ्याने तरी चिडतील. काही नाही. अख्खा जन्म यांच्या रागाला शिव्या घातल्या, आणि आता तोच राग परत यावा म्हणून जीव तळमळत होता.

एका दुपारी हे भिंतीकडेच बघत म्हणाले, "जा. मागून आण."

"काय?"

"पंख. त्याच्याकडचे. एकदा पुरं झालेलं बघायचंय."

मला रडू आलं. ज्या माणसाने डॉक्टरकडे कधी साधं औषधसुद्धा मागितलं नव्हतं, तो भावाकडे मागत होता. मी तशीच उठून जिना उतरले.

दार जाऊबाईने उघडलं. आत ये म्हणाली नाही. "काय हवंय?"

"तुझ्याशी नाही, भाऊजींशी काम आहे."

भाऊजी मधल्या खोलीत एक मडगार्ड मांडीवर घेऊन पॉलिशपेपरने घासत होते. म्हातारे झाले होते की! एकाच घरात राहून मला दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, पंख द्या. यांचा हात गेलाय. यांनीच मागितलेत."

त्यांचा हात थांबला. मडगार्ड त्यांनी खाली ठेवलं.

"नाहीयेत, वहिनी."

"म्हणजे?"

"त्याच दिवशी मोडले. खालच्या पायरीवर बसून, गुडघ्यावर धरून. दोन्ही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि इतकी वर्षं गप्प बसलात? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. वाटायचं, मागायला येईल. आला की सांगीन, माफी मागीन. आला नाही. दुसरे करायला बसला. वरून पत्रा कापल्याचं ऐकू यायचं मला, रोज." मग हळूच म्हणाले, "हल्ली येत नाही ऐकू."

जाऊबाई दारातूनच म्हणाली, "सांगून टाका त्यांना. मोडले म्हणावं. संपवा एकदाचं."

मी जिन्याकडे वळले. काय संपणार होतं ते तिला कुठे माहीत? मोडलेत म्हटलं की यांना मागायलाही काही उरणार नव्हतं आणि भांडायलाही. खाली सरस काम करत बसलेला तो वैरी कधी नव्हताच, हे ऐकून हा माणूस भिंतीकडचं तोंड पुन्हा वळवणार नाही, एवढं मला कळत होतं. मला भयंकर भीती वाटली.

मी दारात पोचले तर हे माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

"नाही म्हणाले," मी म्हटलं.

"काय म्हणाला? नीट सांग."

"देणार नाही म्हणाले. नाही म्हणजे नाही."

"मी मागितलेत, हे सांगितलंस?"

"सांगितलं. तरीही नाही."

यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. टेबलाला धरून उठले, खिडकीशी गेले, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे ए! ठेव ते पंख! उशाला घेऊन झोप! तुझे मडगार्डछाप पंख माझ्या विमानाला नकोच आहेत!"

खालून आवाज नाही. माझा जीव टांगणीला लागला. भाऊजी खरं बोलले तर सगळंच संपलं. जाऊबाईचा आवाज आला, "अहो, पण ते तर..." आणि कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा बंद झाला.

मग भाऊजी गरजले. "नाहीच देणार! बायकोला पाठवतोस मागायला? मेलास तरी देणार नाही! आणि तुझ्या हातून पंख झाला ना, तर नाव बदलीन!"

इतक्या वर्षांत एकमेकांशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द.

हे माझ्याकडे वळले. "ऐकलंस? ऐकलंस ना काय म्हणाला तो नालायक?" चेहऱ्यावर रक्त आलं होतं. खुर्ची ओढून बसले, उजव्या पंखाचा पत्रा पुढे घेतला. हात थरथरतच होता. मग मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं, डाव्या हाताने ते घट्ट धरलं, आणि सुई टेकवली. पहिला ठिपका बाहेर गेला. यांनी भाऊजींना शिवी दिली. दुसराही गेला, दुसरी शिवी. तिसरा रांगेत बसला.

मी खिडकीशी गेले आणि वाकून पाहिलं. भाऊजी अजून त्यांच्या खिडकीत उभे होते, तोंड वर करून. डोळे पुसत होते. यांना ऐकू जाईल अशी मीही एक सणसणीत शिवी भाऊजींना हासडली. त्यांनी मान हलवली आणि खिडकी धाडकन लावून घेतली.