टोकाची पट्टी

परदेशात माझ्या मैफलीला लोक रचनेच्या दोन भागांच्या मधल्या वेळात खोकून घेतात. वाजवणं सुरू असताना खोकणं तिथे जवळजवळ गुन्हाच. आमच्या तिरोड्यात त्या मोकळ्या वेळाचा खरा उपयोग करतात. सत्कार उरकतात.

पियानो वाजवून पोट भरणारी तालुक्यात मी एकटीच, म्हणून कार्यक्रम ठरला. नागपूरहून ट्रकने पियानो आला. त्याला हळदकुंकू लागलं, हार चढला. नारळ त्याच्यावर फोडू नका, एवढं मी हात जोडून मान्य करून घेतलं. धास्ती मात्र मला एकट्या बाबांची होती. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि मुलीचा पियानो त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

लहानपणी आमच्या घरी होती फळी. रविवारी रेल्वेने नागपूरला जाऊन बाईंच्या पियानोवर शिकायचं आणि आठवडाभर बाबांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या सागवानी फळीवर बोटं आपटायची. आवाज शून्य. शेजारी म्हणायचे, पोरगी गुणाची आहे, कोणाला त्रास नाही. बाबा भाताच्या बांधीतून आले की जेवता जेवता माझी बोटं बघत बसायचे.

फळीवर सर्वांत जास्त घोटलेली तीन भागांची रचनाच मी त्यांच्यासाठी निवडली होती. पहिला भाग संपला, मी हात उचलले आणि निवेदक माईककडे धावला. वाजवणारा थांबला की शाल आणायची, ही आमच्याकडची रीत. माजी सरपंच दोन शब्द बोलले. त्यात त्यांचं अख्खं बालपण मावलं. दुसऱ्या भागानंतर आजी सरपंचांनी ती कसर भरून काढली. मग निवेदकाने आभारच मानले. खुर्च्या सरकू लागल्या. जगभर सगळं वाजवलं आणि बाबांपुढे अर्धवट. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बाबा उठले. "कोठी चालले जी सारे? बसा. तिचं बाकी हाय अजून."

निवेदक म्हणाला, "तुमाले कसं समजलं, काकाजी?"

"उजव्या टोकाच्या पट्टीले हातच नाही लागला. फळीवर त्या पट्टीचाच रंग उडे. मीच लावत होतो ना."

लोक बसले. मी तिसरा भाग वाजवला. टोकाच्या पट्टीवर बोट पडलं तेव्हा बाबांकडे पाहिलं. या वेळी ते बोटं बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.