जबलवरच्या थंडीतलं सोलर पॅनल

मस्कतमधल्या कुरुमहून आम्ही उजाडायच्या आत निघालो. गाडी माझा मुलगा रॉकी चालवत होता; मी वसईहून त्याच्याकडे राहायला आलो होतो. मस्कतमध्ये तो वायरमन आहे, इमारतींच्या छपरांवर सोलर पॅनल बसवतो. त्याचा साहेब कॅनडात धंदा काढणार होता. डोंगरावरच्या थंडीत पॅनल नीट चाललं, तर रॉकीलाही नेणार. मस्कतहून तो वर्षाकाठी वसईला येतो तरी. कॅनडातून कोण येतंय? म्हणून मी हट्टाने गाडीत बसलो. पॅनल फसलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शाळा मला फारशी ठाऊक नाही, पण उन्हातलं मला कोणी शिकवू नये. वसईजवळच्या आगाशीला जन्मभर सुकेळी (वाळवलेली केळी) केली. तापल्याशिवाय ऊन काम करत नाही, हे वाटेतलं निझवा शहर येईपर्यंत मी रॉकीला ऐकवत होतो.

"पप्पा, खजूर खा," एवढंच तो म्हणाला.

पुढे जबल (डोंगर) लागला. उघडे तांबूस कडे, आणि मध्येच डाळिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. हिवाळा म्हणून पानं झडलेली, तरी मला माझी वाडी आठवली. वरच्या विश्रामगृहात राखणदार सालेमने कहवा (बिनदुधाची कॉफी) दिला. इथले लोक आपल्याशी हिंदीच बोलतात.

"बाबा, ठंडी लगता?"

"नही लगता," मी म्हणालो. दात वाजत होते.

रॉकीने अंगणात पॅनल मांडलं, आणि ते चालायचं नाही असं मी सालेमलाही सांगून टाकलं. संध्याकाळी दव उतरू लागलं आणि सुकेळी झाकायची सवय असलेले माझे हात गप्प बसेनात. खोलीतली घोंगडी नेऊन मी पॅनलवर पांघरली, कडा दगडांनी दाबल्या.

रॉकी हसत सुटला. "पप्पा, ती केळी नाहीत!"

सालेम म्हणाला, "बाबा बोलता, नही चलेगा. फिर कंबल क्यों?"

मी कडेवर आणखी एक दगड ठेवला.

सकाळी घोंगडी दवाने गोठून कडक झाली होती. रॉकीने ती ओढून काढली. ऊन लख्ख होतं, पण अंगाला लागत नव्हतं. त्याने मीटर लावला, काढला, पुन्हा लावला. कुरुमच्या तापल्या छपरापेक्षा आकडा जास्त!

"पॅनलला उजेड हवा, पप्पा. तापलं की ते उलट सुस्तावतं." मग हळूच म्हणाला, "जाऊ ना?"

मी घोंगडी झटकत राहिलो. "काम चांगलं केलंयस. आता तिकडे गारठलास म्हणून अर्ध्यावर सोडून येऊ नकोस."

आठवड्याने मी वसईला परतलो आणि पुढच्या हिवाळ्याआधी तो कॅनडाला गेला. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तिकडे तेव्हा रात्र असते. सगळीकडे बर्फ आहे, पण दिवसा ऊन छान पडलं होतं, असं सांगतो.

मी म्हणतो, "इथंही पडलंय रे."