दिसणारं बोलणं

बाबा गेल्याला पाच आठवडे झाले. भेटायला येणारे अजूनही दारातच आवाज उतरवतात, कुजबुजत धीर देतात. मला त्याचा राग येतो. आमच्या घरात कधी कुणी कुजबुजलं नव्हतं.

बाबांनी कामतघरच्या एका कापड कारखान्यात तीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले. ते समोरच्याचे ओठ वाचायचे आणि स्वतः ओरडून बोलायचे. त्यांच्याशी बोलता बोलता आम्हालाही तोंड मोठं करून बोलायची आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायची सवय लागली. मी शिकायला जर्मनीत, ड्रेस्डेनला गेले, ती ही सवय घेऊनच. महिन्याभरात सोबत राहणाऱ्या मुलींनी मला स्वयंपाकघरात बसवून समजावलं... इतक्या मोठ्यानं बोलू नकोस, आणि आमच्या तोंडाकडे टक लावून बघू नकोस, कसंतरी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी शिकले. नजर वळवायला, ओठांतल्या ओठांत बोलायला. वर्षभरानं एक प्राध्यापक म्हणाले, तू अगदी इथलीच वाटतेस. केवढी हरखले होते मी!

त्या सुट्टीत घरी आले, बाबांसमोर बसून तासभर तिकडच्या गमती सांगितल्या. ते नुसते बघत राहिले... शेवटी आईला म्हणाले, "पोरगी काय बोलते ते मला दिसतच न्हाय."

मी चिडले. "तिकडे असंच बोलतात, बाबा. कानाला मशीन लावा ना."

"तिकडं बोल की तसं. इकडं तोंड उघड! कान माझे गेलेत, तुझं तोंड गेलंय काय?"

मी उठून आत गेले. खरं तर घाबरले होते. सगळ्यांना आवडेल असं बोलायला शिकले आणि बाबांनाच परकी झाले.

शेवटच्या आजारात ते आयसीयूच्या काचेआड होते. मी बाहेरून बोलू लागले तशी नर्स म्हणाली, "ताई, काचेतून त्यांना ऐकू जाणार नाही."

"त्यांना वीस वर्षं ऐकू येत नाही," मी म्हटलं. आणि चांगलं तोंड उघडून सांगितलं, बाबा, मी आलेय, घाबरू नका. पलीकडे त्यांचे ओठ सावकाश हलले.

"आता दिसलं."

परवा मी परत जातेय, शेवटचं सत्र बाकी आहे. तिथली भाषा बोलेन, रविवारी आवाज करायचा नाही हा तिथला नियमही पाळेन. पण कुणी बोलायला लागलं की मी त्याच्या तोंडाकडेच बघणार. ज्याला खटकेल त्यानं खुशाल तोंड फिरवावं.